१२एयू७ प्रीअॅम्पवर हेडफोन चालवायचाय, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नेमका कुठे जोडू?

महालचा_व्हॉल्व्हवाला
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. दोन वर्षांआधी १२एयू७ व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प (पॉवर अॅम्पच्या आधीचा) बनवला होता, प्रत्येक चॅनेलला एक व्हॉल्व्ह, त्यात दोन ट्रायोड, पहिला गेनला (आवाज वाढवायला) नि दुसरा कॅथोड फॉलोअर (कॅथोडवरून आउटपुट देणारा), एचटी म्हणजे व्हॉल्व्हचा मुख्य सप्लाय २५० व्होल्ट, कॅथोडवर २२ के (किलोओहम) चा रेझिस्टर आणि तिथे साधारण ११० व्होल्ट येतात, पुढे ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉवर अॅम्पला लावला की झकास वाजते. पण आता घरी सहा महिन्यांचं बाळ आहे, रात्री स्पीकर लावायची सोयच नाही, म्हणून ३२ ओहमचा हेडफोन सरळ आउटपुटला लावला तर नुसती किणकिण, तबल्याचा डग्गा तर ऐकूच येत नाही. ट्रान्सफॉर्मर लागेल एवढं समजलं. माझ्याकडे दोन जोड्या आहेत, एक जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंतून काढलेली (ईएल८४ आउटपुट व्हॉल्व्हचे सेट होते) आणि दुसरी भोंग्यांतून निघालेली १०० व्होल्ट लाइनवाली (लांब तारेवर भोंगे चालवायची पद्धत), त्यावर १०, ५ आणि २.५ वॉटचे टॅप (प्रायमरीची वेगवेगळी टोकं), सेकंडरी ८ ओहम. विचार असा होता की २२ के काढून त्या जागी रेडिओवाल्याची प्रायमरी टाकायची. बरोबर आहे का? मित्राचा ३०० ओहमचा एचडी ६०० हेडफोन पण चालला पाहिजे.

सोल्डरकाका
भाऊ, २२ के ला हात लावू नको. प्रायमरीचा डीसी रेझिस्टन्स काहीशे ओहम, २२ के च्या जागी तो आला की पहिल्या ट्रायोडच्या प्लेटवरून ग्रिडवर येणारे १०० च्या वर व्होल्ट तसेच राहतील आणि कॅथोड जमिनीला टेकेल, व्हॉल्व्ह लाल होईल.

डग्गा काऊन गेला ते आधी बघ. ०.४७ मायक्रोफॅरड, ३२ ओहम आणि फॉलोअरचा स्वतःचा ५०० ओहमच्या आसपासचा आउटपुट इम्पिडन्स मिळून जो फिल्टर होते त्याचा कटऑफ (ज्याच्या खालचे सूर उतरतात) सुमारे ६४० हर्ट्झ येते. म्हणजे खालचं सगळं कापल्या जाते, आणि वरचं उरते तेही ५०० पुढे ३२ असल्यानं बारीक होते, तू ऐकली ती वरची किणकिण.

आता तुझ्याकडचे भोंग्याचे ट्रान्सफॉर्मर हेच खरं सोनं आहे, रेडिओवाले राहू दे. १०० व्होल्ट लाइनमधे टॅपचा इम्पिडन्स म्हणजे १०० चा वर्ग भागिले वॉट, तर ५ वॉटचा टॅप २ के झाला, १० वॉटचा १ के, २.५ वॉटचा ४ के. इम्पिडन्सचं गुणोत्तर म्हणजे वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. ५ वॉटच्या टॅपला २०००:८, म्हणजे २५०:१, वेढे १५.८:१. तिथे ३२ ओहमचा हेडफोन लावला की व्हॉल्व्हला ८ के दिसतात. तुझ्या फॉलोअरमधून ५ मिलिअँप वाहून राहिले, १५ व्होल्ट आरएमएस तो ह्या लोडवर आरामात देईल, सेकंडरीला ०.९५ व्होल्ट मिळतील, ३२ ओहममधे २८ मिलिवॉट. कानाला भरपूर झाले. फॉलोअरचा ५०० ओहमच्या आसपासचा आउटपुट इम्पिडन्स २५० ने भागला जाऊन २ ओहम, त्यात वाइंडिंगचा रेझिस्टन्स मिळव. म्हणून बास घट्ट राहतो.

३०० ओहमवाल्याला १० वॉटचा टॅप दे, तिथे वेढे ११.२:१ होतात, व्होल्ट जास्त मिळतात (१.३ च्या पुढे, ६ मिलिवॉट), आणि व्हॉल्व्हला ३७ के दिसतात त्यामुळे त्याला काही भार नाही. ३२ ओहम मात्र १० वॉटच्या टॅपला लावू नको, ४ के होतात, मोठ्या आवाजात फॉलोअरचा करंट कमी पडेल. दोन्ही चॅनेलला मिळून एक डीपीडीटी टॉगल (दोन जोडण्या एकदम बदलणारा स्विच) लाव, झालं.

जोडणी: कॅथोड, मग कपॅसिटर, मग टॅप, आणि प्रायमरीचा कॉमन ग्राउंडला. कपॅसिटर आधी असलाच पाहिजे कारण भोंग्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधे गॅप नसते, ५ मिलिअँप डीसी गेला की तो सॅच्युरेट व्हायला लागते. ०.४७ काढ, ८ के वर तो ४२ हर्ट्झलाच कापून राहिला, ४.७ किंवा १० मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन टाक, इलेक्ट्रोलिटिक नको, लीकेज असते. सेकंडरीचं एक टोक जॅकच्या टिपला (उजव्याचं रिंगला), दोघांची दुसरी टोकं स्लीव्हला, आणि स्लीव्ह चासिसच्या एकाच ग्राउंड पॉइंटला. हे शेवटचं विसरू नको, आत कधी इन्सुलेशन फुटलं तर एचटी ग्राउंडला गेली पाहिजे, डोक्यावर नाही.

बुलडी_बोर्ड
काकांच्या पोस्टमधे एक भर घालतो. काही लाइन ट्रान्सफॉर्मर ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, प्रायमरी नि सेकंडरी आतून जोडलेली. सगळ्यात आधी मल्टिमीटर लाव, दोघांत कंटिन्युइटी आली तर तो हेडफोनसाठी वापरायचाच नाही, कितीही चांगला वाटला तरी.

टॅपचं स्टिकर निघालं असेल तर प्रायमरीला छोट्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी दे आणि सेकंडरीला मोज, ०.७६ आले तर तो ५ वॉटचा टॅप. उलटं करू नको बाप्पा, सेकंडरीला १२ व्होल्ट दिले तर त्याच टॅपवर १९० व्होल्ट येतात.

आणि हम. मी माझा ट्रान्सफॉर्मर मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरजवळ स्क्रूने बसवून टाकला होता, रात्री शांततेत ५० हर्ट्झचा गुंग आवाज येतच होता, तीन आठवडे ग्राउंड शोधत बसलो आणि ग्राउंड बरोबर होतं. उपाय असा: स्क्रू मारायच्या आधी फक्त सेकंडरीला हेडफोन जोडायचा, प्रायमरीची टोकं आपसात शॉर्ट, मेन्सचा ट्रान्सफॉर्मर चालू, आणि हा हातात धरून फिरवायचा. एका कोनात आवाज जवळपास नाहीसा होते. तिथे पेन्सिलीने खूण.

रेडिओ_जुना
रेडिओचे एवढे टाकाऊ नाहीत काका, त्यांना गॅप असते, डीसी चालतो.

सोल्डरकाका
गॅप आहे हे खरं, पण त्यामुळेच इंडक्टन्स कमी असते. ते ईएल८४ साठी ५ के च्या हिशोबाने बनवलेत. समजा १० हेन्री धरले आणि १२एयू७ च्या प्लेटवर लावले, ७ के चा प्लेट रेझिस्टन्स, तर बास ११० हर्ट्झपासूनच उतरायला लागेल. भोंग्याचा मात्र १०० व्होल्टसाठी बनलाय आणि आपण त्याला १५ देऊन राहिलो. कोअरमधला फ्लक्स व्होल्ट भागिले फ्रिक्वेन्सी, म्हणजे १५ व्होल्टला २० हर्ट्झ म्हणजे १०० हर्ट्झला ७५ व्होल्टएवढाच. म्हणून तो खाली उतरतो. मी दोन्ही करून ऐकलंय, तबला ऐकायचा असेल तर हाच.

महालचा_व्हॉल्व्हवाला
काका, काल रात्री जोडलं! ४.७ चे कपॅसिटर बुलडीच्या बाजारात मिळाले. आधी गायिकेचा आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटत होता आणि बास पातळ, मग मोनो लावून पाहिलं, एका बाजूची सेकंडरी उलटी होती. दोन तारा बदलल्या आणि आवाज मधोमध आला. डग्ग्याची मींड पूर्ण ऐकू आली, पहाटे अडीचपर्यंत बसलो होतो. चालू करताना कपॅसिटर चार्ज होतो तेव्हा धप्प होते, तर पहिलं मिनिट हेडफोन काढून ठेवतो. आता फक्त एक राहिलं, कूलरचा पंप चालू-बंद होतो तेव्हा बारीक टक् येते. मे महिना आहे, कूलर बंद करणं शक्य नाही.

बुलडी_बोर्ड
पंपाच्या स्विचवर १०० ओहम नि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (मेन्ससाठीचा कपॅसिटर) चा स्नबर लाव, तो स्विचची ठिणगी दाबतो. मेन्स काढून मगच हात घाल.