मांड्या इतक्या भरून आल्यात की जिना उतरवत नाही, व्यायाम थांबवू का?

किल्ल्याच्या_पायथ्याशी · बुधवार, रात्री ९:१०

मी साताऱ्यात राहते. वय ४४. पतसंस्थेत कॅशियर आहे, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्ची. गेल्या महिन्यात साखर काठावर आल्याचं कळलं. उपाशीपोटी ११२-११४ येते. डॉक्टरांनी गोळी सुरू करायच्या आधी तीन महिने दिलेत. माझी आई मधुमेहातच गेली, त्यामुळे हे तीन महिने मला वाया घालवायचे नाहीत.

आजवर माझा व्यायाम म्हणजे कधीतरी संध्याकाळी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चक्कर, एवढाच. सोमवारी पहाटे शेजारच्या वहिनींबरोबर अजिंक्यताऱ्यावर थेट मंगळाईच्या देवळापर्यंत गेले. वर जाताना धाप लागली, पण थांबत थांबत पोचले. ऑफिसला उशीर होईल म्हणून उतरताना पायवाटेनं जवळजवळ पळतच आले. घरी आल्यावर मोबाईलवर बघून ४० बैठका मारल्या.

सोमवारी काहीच झालं नाही, उलट छान वाटत होतं. मंगळवारी अंग जड झालं. आज मात्र मांड्यांना हात लावू देत नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. जिना चढता येतो, उतरताना कठड्याला लोंबकळत यावं लागतं. संडास भारतीय पद्धतीचा. आज सकाळी नळाला धरून उठताना डोळ्यांत पाणी आलं. त्यात साखर पाहिली तर १२१!

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, उद्या तेवढाच व्यायाम पुन्हा कर म्हणजे निघून जाईल. बहीण म्हणते, दुखणं पूर्ण जाईपर्यंत अंथरुणातून हलू नकोस. कुणाचं ऐकू? चोळायला बाम आहे घरात, तो लावला तर चालेल का?

---

कास_रस्ता · बुधवार, रात्री ९:५५

ताई, सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी दोनदा पळलोय. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून यायचं. पहिल्या वर्षी मी सगळा सराव चढाचा केला होता. शर्यतीनंतर दोन दिवस मांड्या गेल्या, पोटऱ्यांना काही नाही. तेव्हा एका जुन्या पळणाऱ्या काकांनी सांगितलं, दम काढतो तो चढ, मांड्या मोडतो तो उतार. तुमचं दुखणं सोमवारच्या त्या पायवाटेचं आहे. चढलात म्हणून नाही, पळत उतरलात म्हणून.

---

लाल_माती · बुधवार, रात्री ११:२०

ताई, घाबरू नका, आणि थांबूही नका. दोन्ही का ते सांगतो. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मी सोळाव्या वर्षी कोल्हापुरात तालमीत दाखल झालो. आता शाळेत पोरांना खेळ शिकवतो, पण हे मी तिथं शिकलो. आमचे वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी दहा जोर आणि वीस बैठका, एवढंच द्यायचे. शेजारी मोठे पैलवान हजार-हजार बैठका काढत असायचे. मला वाटलं, मला लहान समजतात. रात्री सगळे झोपल्यावर गुपचूप दीडशे काढल्या. दुसऱ्या दिवशी चाललं. तिसऱ्या दिवशी पहाटे आखाडा उकरायला उठलो तर गुडघा वाकेना.

वस्तादांनी मांडी दोन बोटांनी दाबून बघितली आणि ओळखलं. रागावले नाहीत. म्हणाले, आज माती नाही, रंकाळ्यापर्यंत चालत जाऊन ये, सावकाश. जाताना प्रत्येक पाऊल दुखलं. येताना निम्मं दुखणं कमी झालं होतं. संध्याकाळी एका थोरल्या पैलवानानं तिळाच्या तेलानं मालिश केलं, तेही हलक्या हातानं. मी म्हटलं, जोरात रगडा. तो म्हणाला, कच्ची जखम कुणी रगडतं का?

त्याचा अर्थ मला पुढं शिक्षक झाल्यावर कळला. बैठकीत वर उठताना स्नायू आखडतो, त्याचा त्रास फारसा नसतो. खाली बसताना मात्र तोच स्नायू अंगाचं वजन पेलत पेलत लांब होत असतो. गड उतरताना प्रत्येक पावलाला हेच होतं. सवय नसलेल्या धाग्यांना त्यात बारीक इजा होते, मग शरीर ती दुरुस्त करायला घेतं, सूज येते, म्हणून दुखणं त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. लॅक्टिक अ‍ॅसिडचा इथं संबंध नाही. ते व्यायाम थांबवल्यावर तासाभरात रक्तातून निघून जातं. तुमच्या मैत्रिणीनं मनापासून सांगितलंय, पण बुधवारच्या दुखण्याला सोमवारचं अ‍ॅसिड जबाबदार नाही. आणि आज पुन्हा ४० बैठका काढल्यात तर दुरुस्ती चालू असलेल्या जागीच घाव घालाल.

बहिणीचंही पूर्ण ऐकू नका. पडून राहिलात तर अंग आणखी धरतं. उद्या आणि परवा सपाटीवर वीस मिनिटं चाला, चार भिंतीचा चढ नको. गरम पाण्यानं अंघोळ करा, शेकलंत तर बरं वाटेल. बामानं दुरुस्ती लवकर होत नाही, पण दुखणं थोडं विसरायला होतं, तेवढ्यासाठी लावा. पाय ताणून ताणून दुखणं पळवायच्या मागे लागू नका, त्यानं विशेष फरक पडत नाही. झोप मात्र पूर्ण घ्या. आणि जेवणात रोज मटकी-मुगाची उसळ, दही, खात असाल तर अंडी हवीतच. तालमीतली थंडाई आणि बदामाचं दूध तुमच्या साखरेला चालणार नाही, ते सोडा.

शनिवारी मांडी दाबून बघा. बुधवारच्या निम्म्यानं दुखत असेल तर खुर्चीवर बसून उठायच्या आठ बैठका. खुर्चीच्या खाली जायचं नाही. पुढच्या आठवड्यात गड अर्धाच, आणि खाली येताना पायवाटेनं नाही, गाडीरस्त्यानं, पावलं छोटी टाकत.

एक गोष्ट तुम्हाला आत्ता खरी वाटणार नाही. ज्या स्नायूला एकदा असं दुखलं, तो पुढचे काही आठवडे त्याच कामाला पुष्कळ कमी दुखतो. मी दहा दिवसांनी पन्नास बैठका काढल्या आणि दुसऱ्या दिवशी नुसतं जड वाटलं. तुमचा सोमवार वाया गेलेला नाही.

---

सांधे_आणि_स्नायू · गुरुवार, सकाळी ७:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या दादांनी सांगितलेलं बरोबर आहे. त्यात काही गोष्टी घालते, कारण अंगदुखी म्हणून दुर्लक्ष होऊ नये.

लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, मांड्या दिसण्याइतक्या सुजल्या किंवा पायात जोरच राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फार मोठ्या प्रमाणात तुटला तर त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर येतं. क्वचित होतं, पण थांबण्यासारखं नसतं. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, तरीही थांबू नका. दुखणं स्नायूत न राहता गुडघ्याच्या सांध्यात टोचत असेल, किंवा आठवडा उलटूनही कमी होत नसेल, तर दाखवून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे दुखणं आवर्जून सांगा, काही गोळ्यांनीही स्नायू दुखतात. वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका, पाणी कमी प्यायलेलं असताना तर नाहीच.

१२१ बद्दल: स्नायूला अशी इजा झाली की दोन-चार दिवस तो रक्तातली साखर नेहमीसारखी उचलत नाही. त्यामुळे आकडा थोडा वर दिसू शकतो. व्यायामानं साखर वाढली असं समजून सोडून देऊ नका. मांड्या हा शरीरातला सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी एक गट आहे, तो बरा झाला की तुमच्याच बाजूनं काम करणार आहे.

---

माचीवरची · गुरुवार, दुपारी १:०५

संडासासाठी: सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आम्ही भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची घेतली होती. रुग्णसाहित्य भाड्यानं देणाऱ्यांकडे मिळते. चार दिवसांसाठी आणा, लाजू नका. आणि जिना सरळ न उतरता कठडा धरून आडवं उतरा, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची.

---

किल्ल्याच्या_पायथ्याशी · शनिवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. लघवीचा रंग लगेच पाहिला, नेहमीसारखाच आहे. कोलेस्टेरॉलची गोळी मला नाही. कमोडची खुर्ची शेजारच्या वहिनींच्याच माळ्यावर निघाली.

गुरुवारी सपाटीवर वीस मिनिटं चालायचं ठरवलं, दहाच झाली. दादा, तुमच्यासारखंच झालं. जाताना रडकुंडीला आले होते, परतताना पाय सुटले. शुक्रवारी वीस झाली. आज सकाळी जिना सरळ उतरले, कठडा धरून, पण सरळ. मांडी दाबली तर दुखते, बुधवारसारखी नाही. खुर्चीवरच्या आठ बैठका काढल्या. आठवी जड गेली.

साखर आज ११५ आली. बहिणीला तुमचा सगळा मजकूर वाचून दाखवला. तिलाही काठावरची साखर आहे, आणि ती दोन वर्षांपूर्वी चौथ्या दिवशी व्यायाम सोडून बसली होती, याच दुखण्यामुळे. तेव्हा तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी आम्ही दोघी गडाच्या पहिल्या दरवाज्यापर्यंत जाणार आहोत. उतरताना गाडीरस्त्यानं. ऑफिसला अर्धा तास उशिरा येईन असं मी सांगून ठेवलंय.