मदत हवी आहे : अंगठीच्या खड्यावरचा सॉक्रेटिस कसा ओळखावा?

ग्रीक-रोमन कोरीव खड्यांवरील तत्त्वज्ञांच्या चेहऱ्यांविषयी टिपण लिहिताना मी एका ठिकाणी अडले आहे, म्हणून जाणकारांना विचारते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे अनुयायी आपल्या गुरूची छबी पेल्यांवर आणि अंगठ्यांवरही बाळगत, असे रोमन लेखक सिसेरोने नोंदवले आहे. एपिक्युरसचा चेहरा ओळखणेही तुलनेने सोपे, कारण १७४२ मध्ये रोममध्ये त्याचे नाव कोरलेला दुमुखी अर्धपुतळा सापडला. सॉक्रेटिसचे तसे नाही. माझ्यासमोरच्या छायाचित्रात तांबूस अकीकाच्या जेमतेम नखाएवढ्या खड्यावर टक्कल, बसके नाक, जाड ओठ आणि दाढी असलेले डोके एका बाजूने खोलगट कोरले आहे. पण हीच लक्षणे मद्यदेव डायोनायससचा सोबती सायलीनस याचीही आहेत, आणि सॉक्रेटिसची सायलीनसशी तुलना तर प्लेटोच्या संवादातच आहे (पंचाईत इथूनच सुरू होते). घोड्यासारखे कान किंवा आयव्हीच्या पानांचा मुकुट नाही, एवढ्यावरून हा सॉक्रेटिसच असे म्हणता येईल का? शिवाय अठराव्या शतकात युरोपात अशा खड्यांच्या पुष्कळ नकला झाल्या. केवळ छायाचित्रावरून त्या ओळखायच्या असतील, तर दाढीच्या रेषांत आणि डोळ्याच्या कोरणीत नेमके काय पाहावे?