मदत हवी आहे: अभ्रकावरील सोन्याच्या थराचा सेकंड हार्मोनिक आलेख जुळत नाही

नमस्कार. मी पदार्थविज्ञानात संशोधन करतो. अभ्रकावर निर्वातात बसवलेल्या, ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थरावर ८०० नॅनोमीटरचा फेम्टोसेकंद लेसर ४५ अंशांनी पाडून परावर्तित प्रकाशातला ४०० नॅनोमीटरचा अंश, म्हणजेच दुप्पट वारंवारतेचा सेकंड हार्मोनिक, मी मोजतो. सोन्याच्या स्फटिकाला सममितिकेंद्र असल्यामुळे आतल्या भागातून हा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश फारसा निघत नाही. पृष्ठभागापाशी ती सममिती मोडते आणि तो प्रामुख्याने तेथूनच येतो, म्हणून ही पद्धत निवडली.

(१११) पृष्ठ, म्हणजे अणू त्रिकोणी जाळीत मांडलेले पृष्ठ असेल, तर नमुना स्वतःभोवती फिरवताना पी-आत, पी-बाहेर मांडणीत (आत जाणारा आणि मोजला जाणारा दोन्ही प्रकाश, येणारा व परावर्तित किरण ज्या प्रतलात असतात त्याच प्रतलात ध्रुवित) दर १२० अंशांनी एक शिखर यायला हवे. शिखरे येतात, पण अगदी ठेंगणी. शिवाय पूर्ण फेऱ्यात एकदाच चढणारी आणि उतरणारी मोठी लाट त्यांना जवळजवळ गिळून टाकते. लेसरची शक्ती निम्मी केल्यावर संकेत चौथाईवर येतो. लेन्समध्येच तयार होणारा ४०० नॅनोमीटरचा प्रकाश नमुन्याआधी लाल फिल्टर लावून रोखला आहे. मात्र नमुना फिरवताना मीटरभर अंतरावरील कागदावर परावर्तित ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढे वर्तुळ काढतो, हे मान्य केले पाहिजे.

ही लाट नमुना किंचित कलल्यामुळे येते, की पृष्ठभागावर एकाच दिशेने उतरणाऱ्या अणुपायऱ्यांमुळे? आणि शिखरे इतकी दुबळी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

पी-पी मांडणीत दोन्ही कारणे सारखीच लाट देतात, त्यामुळे त्या आलेखाशी झुंजत बसू नये. बाहेरचा ध्रुवक एस, म्हणजे पी-च्या काटकोनात, करून पुन्हा मोजावे. तेथे पृष्ठभागाचा समदिक् (फिरवल्याने न बदलणारा) भाग उरत नाही आणि सहा पाकळ्या, म्हणजे पूर्ण फेऱ्यात सहा शिखरे, दिसतात. नमुना कलल्याने त्या पाकळ्या एका बाजूला मोठ्या आणि समोरच्या बाजूला लहान होतील. पायऱ्या असतील तर समोरासमोरच्या पाकळ्या सारख्याच राहतील, पण शेजारच्या पाकळ्यांत फरक पडेल. ताज्या फोडलेल्या अभ्रकाचा पृष्ठभाग दूरवर अणुपातळीवर सपाट असतो, त्यामुळे माझा संशय ज्वारीच्या दाण्यावरच, म्हणजे नमुना कलण्यावरच आहे. आधी नमुन्याचा लंब फिरण्याच्या अक्षावर आणावा.

शिखरे दुबळी असण्याचे कारण वेगळे असावे. अभ्रकावर सोने वाढताना एकमेकांशी १८० अंश फिरलेली जुळी क्षेत्रे शेजारीशेजारी तयार होतात. त्यांची त्रिपदरी (दर १२० अंशांनी पुन्हा तशीच येणारी) योगदाने विरुद्ध चिन्हांची असल्याने एकाच ठिपक्याखाली ती एकमेकांना खोडतात, आणि उरते ते दोहोंच्या प्रमाणातल्या फरकापुरतेच. म्हणजे ठेंगणे शिखर हा मोजणीचा दोष नसून नमुन्याचीच माहिती असू शकते. अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली उलटसुलट टोकांचे त्रिकोणी सपाट भाग दिसतात का, तेवढे पाहून एस आलेखासह येथेच कळवावे.