भोकरीच्या दोन ओळी: ठेवू की काढू?

द्राक्षवाला_निफाड: बांधाकडेला आजोबांच्या काळातल्या भोकरीच्या, म्हणजे बी असलेल्या जुन्या द्राक्षवाणाच्या, दोन ओळी आहेत. बाकी सगळा बिनबियांचा थॉमसन, डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मजुरी दोन्हीकडे तीच. भोकरीचे घड मी जीएत (मणी फुगवणाऱ्या संजीवकात) बुडवत नाही, तेवढीच बचत. पण व्यापारी येतो, एक मणी चावतो, बी थुंकतो आणि थॉमसनकडे वळतो. काय करू?

तासगावकर: काढा, भाऊ. आमच्या बेदाण्यालाही बी चालत नाही. बिनबियांचा सोनाका भरा तिथं.

मांजरी_रोड: सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन, सगळी थॉमसनचीच पिलावळ. उद्या नवा रोग आला तर सगळे एकदम आडवे! फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी पुण्याच्या गणेशखिंडीत पांढरी साहेबी या जुन्या वाणाच्या रोपांतूनच चीमा साहेबी हा नवा वाण निवडला होता. जुनं शिल्लक होतं म्हणून जमलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथं विचारा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात जुने वाण जतन करणाऱ्या शेतकऱ्याला जनुक निधीतून बक्षिसाची तरतूदही आहे.

द्राक्षवाला_निफाड: दादा, पटतंय. पण उपयोग सगळ्या जगाला आणि डाऊनी (केवडा) रोगाच्या औषधाची उधारी माझ्या नावावर! बक्षीस मिळेल तेव्हा मिळेल, दुकानदार मार्चला दारात उभा असतो.

तासगावकर: मग एकच ओळ ठेवा. माल आठवडी बाजारात स्वतः विका, व्यापाऱ्याला दाखवूच नका.

द्राक्षवाला_निफाड: हे जमेल. दुसरी ओळ काढण्याआधी लावायला काड्या देतो, कुणाला हव्यात तर ऑक्टोबर छाटणीला या.