मदत हवी आहे: पद्मिनीचा पत्रा आणि गिअरचे बुश, सांगली परिसर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर. वडील आता नाहीत. मी याच गाडीच्या मागच्या सीटवर लहानाचा मोठा झालो, नरसोबाच्या वाडीला जाताना पाय सीटखाली पोचत नव्हते तेव्हापासून.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा, गाडी गावभागात दारातच बुडाली. इंजिन तेव्हाच खोलून साफ केलं, ते उत्तम चालतं. पण गाळ चेसिसच्या पोकळ पट्ट्यांत बसून राहिला आणि पत्रा आतून कुजला. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं की रस्ता दिसतो. पुढच्या पासिंगआधी हे होणं गरजेचं आहे.

एका गॅरेजवाल्याने वरून पत्रा मारून काळा रंग देऊ म्हटलं. मला ते नको. कुजलेला भाग कापून नवीन पत्रा घडवून वेल्डिंग करणारा जुना, हाताचा पक्का डेंटर सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कोणाच्या माहितीत आहे का?

दुसरं, गिअर लिंकेजचे (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळ्या, झिजलेत. दुसरा गिअर टाकताना दांडा हातात लटलटतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कोणी करून देईल का? पितळेचे करावेत की नायलॉनचे?

कृपया ‘विकून टाका’ म्हणू नका. ही गाडी मला चालतीच ठेवायची आहे.