प्रतिसाद : तापून बसलेल्या इंजिनाची गाडी

गाडी चाळीस हजारांत मिळते, पण इंजिन तापून बंद पडले आहे, तर ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. वरच्या बहुतेक प्रतिसादांत किमतीचाच विचार झाला आहे. माझ्या मते आधी बिघाड किती खोल आहे ते पाहावे. केवळ हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधली सील) गेले असेल तर ते बदलून आणि हेडचे फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून, काम भागते. पण तापल्यावरही गाडी तशीच दामटली असेल, तर हेड वाकलेले आणि पिस्टन ओरखडलेले निघतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. यवतमाळकडे मी पाहिलेल्या अशाच एका गाडीच्या ऑइलच्या झाकणाला आतून लोण्यासारखा पांढुरका थर होता, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ऑइलमध्ये उतरले होते. विकणारा मात्र ‘पाइपच फुटला होता’ असे शपथेवर सांगत होता. (शपथा आपल्याकडे स्वस्तच असतात.) आपल्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, ते तपासून घ्यावे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा रेडिएटर आणि पंखाही धड हवा. दुसरे इंजिन बसवायचे झाल्यास त्याचे बिल घेऊन त्या इंजिनाचा क्रमांक आरटीओत आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवावा लागतो, आणि नोंदणीची १५ वर्षे भरत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च वेगळा.