मदत हवी आहे: फारोतला कोड इमेजबाहेर कसा काढायचा?

जावा येते, महिनाभर स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंग भाषा शिकतोय, फारो या तिच्या सिस्टिमवर. विंडोज, 8 जीबी रॅम. 3 + 4 * 2 चं उत्तर 14 येतं याची सवय झाली (डावीकडून उजवीकडे, बस्स!), पण सगळं एकाच इमेज फाइलमध्ये (चालू सिस्टिमची जतन केलेली अख्खी प्रत) राहतं हे अजून पचत नाही.

माझे चार क्लास म्हापशातल्या मित्राला द्यायचेत. एकेक क्लास फाइल आउट करून (म्हणजे त्याचा कोड वेगळ्या फाइलमध्ये काढून) पाठवला, तर त्याच्याकडे सुपरक्लास (ज्यावर तो क्लास आधारलेला असतो तो) सापडत नाही म्हणून अडलं. अख्खी इमेज पाठवणं जड. आइसबर्ग (फारोमधलं गिट वापरायचं साधन) वापरा असं वाचलंय, पण इथे फोंड्यात पाऊस लागला की नेट गेलंच, त्यामुळे गिटहब (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) नको.

आइसबर्गची रिपॉझिटरी (कोडचा साठा) नुसती पेनड्राइव्हवर ठेवून दोघांना चालेल का? की माझा फाइल आउटचा क्रमच चुकतोय?